अंगावर पुन्हा पुन्हा फोड येतात तेव्हा: निदानाचा क्रम आणि तो नेमका कुठे चुकतो

पेम्फिगस, पेम्फिगॉइड आणि त्यांच्या जातकुळीतले फोडांचे आजार ओळखायला अनेकदा महिनोन्‌महिने जातात. आजार दुर्मिळ आहेत हे खरं, पण उशीर होतो तो बहुतेक वेळा क्रम चुकल्यामुळे. आधी स्टेरॉइड सुरू होतं आणि बायोप्सीचा विचार नंतर येतो. बायोप्सी होते ती आठवड्याभराच्या जुन्या जखमेतून. नमुना एकच घेतला जातो आणि तोही फॉर्मॅलिनमध्ये (ऊती टिकवणाऱ्या रसायनात) जातो. मग अहवालात ‘निश्चित निष्कर्ष काढता येत नाही’ असं येतं आणि रुग्ण पुन्हा पहिल्या पायरीवर उभा राहतो.

हा लेख कुटुंबवैद्यांसाठी आणि त्वचारोगशास्त्र शिकणाऱ्या डॉक्टरांसाठी आहे. रुग्णाच्या घरच्यांनीही तो जरूर वाचावा, कारण निम्मी माहिती त्यांच्याकडेच असते.

पुढचं सगळं एका गोष्टीवर उभं आहे. या आजारांत शरीराची प्रतिकारशक्ती त्वचेला धरून ठेवणाऱ्या प्रथिनांवरच उलटते. वरच्या थरातल्या पेशींची एकमेकींवरची पकड सुटली, तर तो पेम्फिगस. हा वरचा थर खालच्या थरापासून सुटला, तर तो पेम्फिगॉइडचा गट. त्वचा कोणत्या पातळीवर सुटली आणि तिथे कोणती प्रतिपिंडं चिकटली आहेत, हे दोन प्रश्न सुटले की निदान बहुतेक झालंच.

टप्पा १: हे तातडीचं तर नाही ना, ते आधी ठरवा

खालीलपैकी काहीही असेल तर पुढचे टप्पे बाहेर करत बसू नका, रुग्णाला थेट रुग्णालयात पाठवा.

- गेल्या काही आठवड्यांत नवं औषध सुरू झालं आहे, ताप आहे, त्वचा लाल होऊन दुखते आहे आणि तिचे पापुद्रे सुटत आहेत. ही स्टीव्हन्स-जॉन्सन किंवा टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलायसिस या औषधांच्या जीवघेण्या प्रतिक्रियांची चिन्हं असू शकतात. संशयित औषध त्याच क्षणी बंद व्हायला हवं.
- लहान मुलाला ताप आहे आणि मान, काखा, जांघा इथली त्वचा भाजल्यासारखी सोलवटते आहे.
- आवाज बसला आहे, श्वास घेताना घरघर होते किंवा पाणीही गिळवत नाही.
- डोळे लाल आहेत, उजेड सहन होत नाही किंवा पापणी बुबुळाकडे ओढली गेल्यासारखी दिसते.
- अंगाचा मोठा भाग उघडा पडला आहे, विशेषतः वृद्ध व्यक्तीत.

टप्पा २: हकिकत तारखांसह लिहून काढा

‘बऱ्याच दिवसांपासून फोड येतात’ एवढ्यावर काहीच ठरवता येत नाही. कागद घ्या आणि पहिलं लक्षण कोणतं, कुठे आणि साधारण कधी, ते लिहा. पेम्फिगस व्हल्गॅरिस या प्रकाराची सुरुवात बहुधा तोंडातून होते. न भरणारे छाले महिनोन्‌महिने राहतात आणि अंगावरचा फोड त्यानंतर येतो. त्या काळात रुग्ण दंतवैद्याकडे जातो, व्हिटॅमिनच्या गोळ्या घेतो, तोंडाला जेल लावतो. फोड आल्यावर त्वचारोगतज्ज्ञाकडे येतो तेव्हा तोंडाचा विषय काढतही नाही, कारण त्याच्या लेखी ते दुखणं वेगळं असतं.

म्हणून तोंड, नाक, घसा, डोळे, जननेंद्रिय आणि गुदद्वार या प्रत्येक जागेबद्दल नाव घेऊन विचारा. ‘आणखी कुठे त्रास?’ असं मोघम विचारलं की संकोचाने उत्तर ‘नाही’ येतं.

खाज हा दुसरा महत्त्वाचा धागा. बुलस पेम्फिगॉइड या पेम्फिगॉइडच्या मुख्य प्रकारात फोड येण्याच्या कित्येक आठवडे, कधी कित्येक महिने आधी नुसती खाज असते, किंवा पित्तासारख्या गांध्या उठतात. काहींना फोड येतच नाहीत. सत्तरीच्या पुढच्या माणसाला कोणत्याच मलमाला न जुमानणारी खाज सुटली असेल, तर ‘वयामुळे कोरडी त्वचा’ म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. पेम्फिगॉइड तिथे मनात यायलाच हवा.

औषधांची यादी मागच्या वर्षभराची हवी, फक्त सध्याची पुरत नाही. ही औषधं खास शोधा:

- मधुमेहाच्या ग्लिप्टिन गटातली, म्हणजे व्हिल्डाग्लिप्टिन, लिनाग्लिप्टिन, सिटाग्लिप्टिन. यांचा बुलस पेम्फिगॉइडशी संबंध आहे आणि औषध सुरू झाल्यावर फोड यायला अनेक महिनेही लागू शकतात. ‘ही गोळी तर वर्षभर चालू आहे’ म्हणून तिला यादीतून वगळू नका.
- व्हॅन्कोमायसिन. लिनियर आयजीए आजार (आयजीए नावाची प्रतिपिंडं त्वचेच्या दोन थरांच्या सीमेवर रेघेसारखी साचतात तो) सुरू करणारं सर्वांत परिचित औषध.
- पेनिसिलामिन आणि कॅप्टोप्रिल, पेम्फिगससाठी.
- कर्करोगावरची इम्युनोथेरपी, उदाहरणार्थ पेम्ब्रोलिझुमॅब किंवा निव्होलुमॅब.
- नॅप्रोक्सेन. यामुळे हाताच्या पाठीवर पोर्फिरियासारखेच, म्हणजे उन्हाने त्वचा नाजूक होणाऱ्या आजारासारखेच, फोड येतात.

*सावधान:* यादीत ग्लिप्टिन दिसली म्हणून रुग्णाने ती आपल्या मनाने थांबवू नये. ती देणाऱ्या डॉक्टरांशी बोलून पर्यायी औषध घ्यावं.

घरच्यांसाठी एक काम: ताजा फोड दिसला की लगेच फोटो काढा, दिवसाच्या उजेडात, एक जवळून आणि एक थोडा लांबून. फोड भेटीच्या दिवसापर्यंत टिकत नाहीत, आणि फुटल्यावर जी खपली उरते तिच्यावरून फारसं कळत नाही. फोड सुईने फोडू नका. बायोप्सीसाठी तोच लागणार असतो.

टप्पा ३: कपडे उतरवून, तोंड उघडून, सगळी त्वचा पाहा

फोड घट्ट आहे की सैल, हे आधी बघा. घट्ट, बोटाने दाबला तरी न फुटणारा फोड म्हणजे छत जाड आहे, अर्थात त्वचा खोलवर सुटली आहे. सैल, लगेच फुटणारा फोड वरवरचा असतो. पेम्फिगस फोलिएशियस या प्रकारात तर फोड दिसतच नाही. चेहरा, डोकं, छाती, पाठ यांवर नुसत्या ओलसर खपल्या दिसतात आणि तोंड स्वच्छ असतं. त्यामुळे तो सेबोऱ्हिक डर्माटायटिस (कोंड्यासारखा त्वचेचा दाह) किंवा इम्पेटिगो (त्वचेचा जिवाणूसंसर्ग) समजून फार काळ चुकीच्या उपचारांवर राहतो.

निकोल्स्की चिन्ह पाहताना फोडाशेजारच्या धडधाकट दिसणाऱ्या त्वचेवर अंगठ्याने बाजूच्या दिशेला ठाम दाब द्या. वरचा पापुद्रा सरकला तर चिन्ह सकारात्मक. एकदाच करा, कारण ते दुखतं. आणि नुसत्या यावरून पेम्फिगस म्हणू नका. टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलायसिसमध्ये आणि स्टॅफिलोकॉकसमुळे त्वचा सोलवटते तेव्हाही ते सकारात्मक येतं.

जागांकडेही लक्ष द्या. कोपरं, गुडघे, नितंब यांवर समसमान, प्रचंड खाजणारे बारीक फोड असतील तर डर्माटायटिस हर्पेटिफॉर्मिस. यात फोड खाजवून आधीच फुटलेले असतात, म्हणून फक्त ओरखडे दिसतात. हातापायांच्या घासल्या जाणाऱ्या जागी फोड, मागे व्रण आणि पांढरे बारीक दाणे राहत असतील तर एपिडर्मोलायसिस बुलोसा ॲक्विझिटा. उन्हात उघड्या राहणाऱ्या हातांच्या पाठीवर, किरकोळ धक्क्यानेही त्वचा फाटत असेल तर पोर्फिरिया क्युटेनिया टार्डा. गरोदरपणात बेंबीभोवती खाज सुटून तिथूनच गांध्या आणि फोड पसरत असतील तर गर्भावस्थेतला पेम्फिगॉइड. लहान मुलात जुन्या फोडाच्या कडेने नव्या फोडांचं कडं तयार होत असेल तर लिनियर आयजीए.

याच भेटीत नेहमीची कारणं बाजूला काढा: नागीण, इम्पेटिगो, कीटकदंश, ॲलर्जीमुळे किंवा रसायनामुळे आलेला त्वचेचा दाह, पायांच्या सुजेवरचे फोड, मधुमेहातले फोड. खरूज विशेष आठवणीने शोधा, कारण वृद्धांमधली फोडवाली खरूज पेम्फिगॉइडची हुबेहूब नक्कल करते. बोटांच्या बेचक्या आणि मनगटं पाहा, घरात आणखी कुणाला खाज आहे का ते विचारा.

झँक स्मिअर इथेच करता येतो. ताज्या फोडाचं छत कापा, तळ बोथट पात्याने हलकेच खरवडा, काचेवर पातळ पसरा, गिम्सा रंग द्या. सुट्या झालेल्या, गोल, मोठ्या केंद्रकाच्या पेशी दिसल्या तर पेम्फिगसकडे बोट जातं. अनेक केंद्रकांच्या मोठ्या पेशी दिसल्या तर नागिणीच्या विषाणूंकडे. हा इशारा आहे, त्याच्या जोरावर बायोप्सी टाळू नका.

टप्पा ४: स्टेरॉइडच्या आधी नमुने

बरं वाटावं म्हणून पहिल्याच दिवशी दिलेलं स्टेरॉइडचं इंजेक्शन फोड तात्पुरते बसवतं आणि निदानाची वाट अवघड करून ठेवतं. नमुने घेणं एका भेटीत होतं. आधी ते घ्या आणि औषध त्याच दिवशी सुरू करा. गंभीर रुग्णाला अहवालासाठी ताटकळत ठेवावं असं याचा अर्थ अजिबात नाही.

स्टेरॉइड आधीच चालू असेल तर? ते एकदम बंद करू नका, धोका आहे. चालू औषधावरही बायोप्सी आणि रक्ताची तपासणी बऱ्याचदा उत्तर देते. अर्जावर औषध, मात्रा आणि किती दिवस, हे लिहा. मलम न लावलेली जागा निवडा.

डर्माटायटिस हर्पेटिफॉर्मिसची शंका असेल तर तपासणीआधी गहू बंद करू नका. गव्हातलं ग्लुटेन सोडल्यावर रक्तातली प्रतिपिंडं काही महिन्यांत दिसेनाशी होतात आणि मग आजार सिद्ध करणं कठीण जातं.

टप्पा ५: बायोप्सी, आणि तीही दोन

सगळ्यात जास्त चुका याच टप्प्यावर होतात, म्हणून इथे घाई नको. नमुने दोन लागतात. त्यांच्या जागा वेगळ्या आणि बाटल्याही वेगळ्या.

*पहिला नमुना, सूक्ष्मदर्शकाखालच्या नेहमीच्या तपासणीसाठी.* शक्यतो २४ तासांच्या आतला ताजा फोड निवडा, ४८ तासांपेक्षा जुना नको. छोटा फोड असेल तर अख्खा काढा. मोठा असेल तर कड अशी घ्या की तुकड्यात थोडा फोड आणि जास्त भाग लगतच्या त्वचेचा येईल. हा तुकडा १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये जातो. जुना फोड का नको? कारण त्याच्या तळाशी नवी त्वचा भरू लागते. मग खोलवर सुटलेला फोडही वरच्या थरातला वाटतो आणि पॅथॉलॉजिस्ट पूर्ण वेगळ्या आजाराच्या दिशेला जातात.

*दुसरा नमुना, डायरेक्ट इम्युनोफ्लुरोसन्ससाठी.* यात त्वचेत चिकटलेली प्रतिपिंडं चमकणाऱ्या रंगाने दिसतात. बोलताना सगळे याला डीआयएफ म्हणतात. हा तुकडा फोडातून घ्यायचाच नाही. फोडाच्या जवळची, साधारण १ सेंटीमीटरच्या आतली, न फुटलेली त्वचा घ्यायची. फोडाच्या आत दाहामुळे प्रतिपिंडं नष्ट झालेली असतात आणि तिथला तुकडा खोटं निगेटिव्ह उत्तर देतो. डर्माटायटिस हर्पेटिफॉर्मिससाठी तर पुरळापासून साधारण १ सेंटीमीटर लांबची, पूर्ण निरोगी दिसणारी त्वचा हवी. पेम्फिगॉइडमध्ये शक्य असेल तर गुडघ्याखालची जागा टाळा, तिथे खोटं निगेटिव्ह येण्याचं प्रमाण जास्त असतं.

फक्त तोंडातच आजार असेल तर नमुना तोंडातूनच घ्यावा लागतो. छाल्याच्या मधोमध कधीच नको, तिथे वरचा थर उरलेलाच नसतो. गालाच्या आतली, छाल्याजवळची शाबूत त्वचा उत्तम. दातालगतची हिरडीची कड टाळा, कारण तिथे एरवीही दाह असतो. डोळ्यांत आजार असला तरी आधी तोंडातून किंवा त्वचेतून नमुना मिळतो का ते पाहा. डोळ्याच्या बायोप्सीने व्रण वाढू शकतो, तो निर्णय नेत्रतज्ज्ञांचा.

पंच (त्वचेचा गोल तुकडा काढणारं हत्यार) ४ मिलिमीटरचा पुरतो. पेम्फिगसमध्ये मात्र पंच जोराने फिरवला की वरचा पापुद्रा सुटून येतो आणि बाटलीत नुसता खालचा थर पोहोचतो. धारदार, नवा पंच वापरा, कमीत कमी फिरवा, तुकडा चिमट्याने चेचू नका. पापुद्रा वेगळा झालाच तर तोही त्याच बाटलीत टाका आणि तसं लिहा.

*बाटली:* डीआयएफचा तुकडा मिशेलच्या द्रावणात, म्हणजे प्रतिपिंडं शाबूत ठेवणाऱ्या खास द्रावणात, जातो. त्यात तो नेहमीच्या तापमानाला काही दिवस टिकतो. द्रावण मिळत नसेल तर साधं नॉर्मल सलाइन चालतं, पण मग तुकडा २४ तासांत प्रयोगशाळेत पोहोचला पाहिजे. घरगुती किंवा दवाखान्यातल्या फ्रीजरमध्ये गोठवू नका. सावकाश गोठताना बर्फाचे स्फटिक तयार होऊन पेशी फाटतात.

*सावधान:* डीआयएफचा तुकडा क्षणभरही फॉर्मॅलिनमध्ये बुडवू नका. फॉर्मॅलिनचा चिमटा दुसऱ्या बाटलीत गेला तरी धोका आहे. म्हणून डीआयएफचा नमुना आधी घ्या, फॉर्मॅलिनची बाटली नंतर उघडा.

*भूल देण्यापूर्वी तपासा:*

- दोन बाटल्यांवर रुग्णाचं नाव, जागा आणि द्रावणाचं नाव लिहिलं आहे का
- मिशेलच्या द्रावणाची मुदत संपली नाही ना
- अर्जावर वय, फोड घट्ट की सैल, तोंडाची स्थिती, औषधं आणि आपली शंका आहे का
- नमुना आजच निघेल का, की उद्या सुट्टी आहे

अर्जावर नुसतं ‘फोड, तपासावे’ लिहिणं हा पॅथॉलॉजिस्टवर अन्याय आहे, आणि त्याची किंमत रुग्ण मोजतो.

रुग्ण बायोप्सीला अजिबात तयार नसेल आणि शंका पेम्फिगसची असेल, तर डोक्याचे मुळासकट उपटलेले केसही डीआयएफसाठी पाठवता येतात. मुळाभोवतीचं आवरण त्यावर असायला हवं. पाठवण्यापूर्वी प्रयोगशाळा ही तपासणी करते का, ते विचारा.

टप्पा ६: रक्त त्याच दिवशी

रक्तात दोन प्रकारे शोध घेतात. इनडायरेक्ट इम्युनोफ्लुरोसन्समध्ये रुग्णाचं सीरम (रक्तातला पातळ भाग) तयार ऊतींवर टाकतात. पेम्फिगससाठी माकडाच्या अन्ननलिकेचा छेद वापरतात. पेम्फिगॉइड गटासाठी मिठाच्या पाण्याने दोन थरांत सुटी केलेली मानवी त्वचा. ही दुसरी तपासणी अर्जावर नाव घेऊन मागावी लागते. एलायझामध्ये नेमक्या प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडं मोजतात: पेम्फिगससाठी डेस्मोग्लिन १ आणि ३, बुलस पेम्फिगॉइडसाठी बीपी१८० आणि बीपी२३०.

*सावधान:* एलायझा एकट्याने निदान करत नाही. वृद्धांमध्ये आजार नसतानाही बीपी१८० किंचित वाढलेला सापडतो. माकडाच्या अन्ननलिकेवर रक्तगटाच्या प्रतिपिंडांमुळेही पेम्फिगससारखी चमक दिसू शकते. निगेटिव्ह एलायझाही आजार नाकारत नाही, विशेषतः फक्त श्लेष्मल त्वचेत (तोंड, डोळे यांच्या आतल्या ओलसर त्वचेत) असलेल्या पेम्फिगॉइडमध्ये.

टप्पा ७: चारही धागे एकत्र ठेवून वाचा

रुग्ण, सूक्ष्मदर्शक, डीआयएफ आणि रक्त. चारही कागद एकाच वेळी समोर हवेत.

पेशी-पेशींच्या मधल्या जागेत जाळीसारखी आयजीजी (प्रतिपिंडांचा एक प्रकार) आणि सी३ (प्रतिकारशक्तीचं एक प्रथिन) यांची चमक म्हणजे पेम्फिगस गट. सुटण्याची पातळी सर्वांत खालच्या पेशींच्या लगेच वर असेल, तोंडात छाले असतील, डेस्मोग्लिन ३ वाढलेला असेल तर व्हल्गॅरिस. त्यात अंगावरही फोड असतील तर बहुधा १ देखील वाढलेला असतो. सुटण्याची पातळी अगदी वर आणि फक्त डेस्मोग्लिन १ असेल तर फोलिएशियस.

दोन थरांच्या सीमेवर आयजीजी आणि सी३ची सरळ रेघ दिसली की पेम्फिगॉइड गट, आणि इथे बरेच जण थांबतात. थांबू नका. मिठाने सुटी केलेल्या त्वचेत चमक छताला आहे की तळाला, ते पाहा. छताला असेल तर बहुधा बुलस पेम्फिगॉइड. तळाला असेल तर एपिडर्मोलायसिस बुलोसा ॲक्विझिटा, अँटी-पी२०० पेम्फिगॉइड, बुलस ल्युपस किंवा लॅमिनिन ३३२ या प्रथिनाविरुद्धचा पेम्फिगॉइड. अनुभवी प्रयोगशाळा डीआयएफच्या रेघेचा बारीक दातेरीपणाही सांगते. तो विशिष्ट दातेरीपणा कोलॅजन ७ या प्रथिनाविरुद्धच्या आजाराकडे, म्हणजे एपिडर्मोलायसिस बुलोसा ॲक्विझिटाकडे, नेतो. उपचार आणि पुढचा शोध यावरच वेगळे होतात, म्हणून हा फरक कागदी नाही.

रेघ मुख्यतः आयजीएची असेल तर लिनियर आयजीए. खालच्या थराच्या उंचवट्यांच्या (पॅपिलांच्या) टोकांवर आयजीएचे कण असतील तर डर्माटायटिस हर्पेटिफॉर्मिस, आणि मग ग्लुटेनमुळे होणाऱ्या आतड्यांच्या सिलिॲक आजाराची तपासणी आलीच.

जाळी आणि रेघ दोन्ही एकत्र, ओठांवर रक्ताळलेल्या खपल्या, कशालाही न जुमानणारं तोंड. हा पॅरानिओप्लास्टिक, म्हणजे आत लपलेल्या गाठीमुळे होणारा, पेम्फिगस असू शकतो. सीरम उंदराच्या मूत्राशयाच्या ऊतीवर तपासायला सांगा, आणि त्याची वाट न पाहता छाती, पोट, ओटीपोटाचा सीटी स्कॅन करा. मागे लिम्फोमा किंवा कॅसलमन आजार (दोन्ही लसिकाग्रंथींचे) असण्याची शक्यता असते. दम लागत असेल तर फुप्फुसांची तपासणी त्याच आठवड्यात.

टप्पा ८: अहवाल जुळत नाहीत तेव्हा

आधी नमुन्यावर शंका घ्या, रुग्णाच्या तक्रारीवर नको. जागा कोणती होती? फोड किती जुना? बाटली कोणती? वाटेत किती दिवस गेले? तुकड्यात वरचा थर होता का? यातलं एक जरी उत्तर चुकीचं असेल तर तो अहवाल बाजूला ठेवा आणि नव्या जागेवरून डीआयएफ पुन्हा घ्या. शंका दाट असेल तर दुसरीच काय, तिसरी बायोप्सीही योग्य ठरते, विशेषतः तोंड आणि डोळ्यांच्या आजारात.

चेहऱ्यासारख्या उन्हातल्या त्वचेवर आयजीएम किंवा सी३ची क्षीण, कणीदार चमक आली तर तिला फार वजन देऊ नका.

फोड हातांच्या पाठीवर, दाह जवळपास नाही आणि डीआयएफमध्ये रक्तवाहिन्यांभोवती जाडसर चमक असेल, तर लघवीतली पोर्फिरिन मोजा. लघवीची बाटली प्रकाशापासून झाकलेली असावी. पोर्फिरिया ठरला तर यकृत, हिपॅटायटिस सी आणि शरीरातलं लोह तपासा.

टप्पा ९: निदान झालं, औषधाआधी एवढं करा

लॅमिनिन ३३२ची प्रतिपिंडं सापडली तर कर्करोगाचा शोध घ्या. श्लेष्मल त्वचेच्या पेम्फिगॉइडमध्ये डोळ्यांची तक्रार नसली तरी नेत्रतज्ज्ञांकडे पाठवा, कारण व्रण गुपचूप वाढतो. डॅप्सोन देण्याआधी जी६पीडी (लाल रक्तपेशींना जपणारं एंझाइम) तपासा. रिटक्सिमॅबचा विचार असेल तर हिपॅटायटिस बी आणि क्षयरोगाची तपासणी आधी.

रुग्णाच्या हातात बायोप्सीचे दोन्ही अहवाल, रक्ताचे आकडे आणि नमुना घेतलेल्या जागेचा फोटो द्या. डेस्मोग्लिन आणि बीपी१८०चे पहिले आकडे पुढे उपचारांच्या काळात तुलनेसाठी लागतात. त्यामुळे पुढची एलायझा शक्यतो त्याच प्रयोगशाळेत करून घ्यावी, हेही त्याच कागदावर लिहून द्या.